सावडीची जादू

माझ्या जादूच्या खोक्यावर दुसऱ्याचं नाव छापलेलं आहे. ही गोष्ट आता मी शांतपणे सांगू शकतो, असं माझ्या बायकोला वाटतं. वाटू द्या तिला.

जादू म्हणजे खेळातली. टेबलाभोवती चारजण बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुठं अडलं की फासे टाकून पुढं काय झालं ते ठरवतात. धारूरमध्ये हे कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "म्हंजे पत्ते का?" आणि दुसरा, "पैशे लावून का?" दोन्हींना नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा रस संपायचा.

हा खेळ आमच्याकडं आणला माझ्या मित्रानं. आम्ही शाळेत एका बाकावरचे. त्याच्या घरी मेंढरं. बाप आणि चुलते बालाघाटाच्या उतारावर कळप घेऊन हिंडणारे. तो मात्र शिकला, पुण्याला जाऊन इंजिनियर झाला. मग त्याच्या कंपनीनं घरूनच काम करा म्हणून सांगितलं, तेव्हा एक लॅपटॉप आणि वीस बाजूंचे फासे घेऊन तो गावाकडं परत आला. गावात त्याला करमत नव्हतं. माझं बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तिथं येऊन तो तासन्‌तास बसायचा आणि मला भुतांच्या आणि किल्ल्यांच्या गोष्टी सांगायचा. शेवटी मी म्हटलं, बाबा, बसवच एकदाचा तुझा खेळ.

खेळायला बसलो आम्ही चौघं. गोष्ट सांगणारा तो. खेळणारे तिघं: मी, माझी बायको आणि आमच्या दुकानासमोरचा मेडिकलवाला. जागा मेडिकलच्या वरचं गोदाम. सलाइनच्या खोक्यांवर प्लायवूड टाकून टेबल केलं होतं. बायकोला मी नुसता चहा घेऊन वर बोलावलं होतं. ती बसली ती उठलीच नाही.

आमच्यातली सगळ्यात चांगली खेळणारी तीच निघाली. आणि खेळातलं पहिलं दुखणंही तिनंच काढलं. गोष्टीत एक आड होता, त्यात कुणीतरी पडून मेलं होतं. ती म्हणाली, "मी त्या आडालाच इचारते, कुनी ढकललं म्हनून."

मित्र पुस्तक चाळायला लागला. मंत्रांची लांबलचक यादी होती त्यात. आग फेकायचा मंत्र होता, उडायचा होता, कुलूप उघडायचा होता. आडाला बोलतं करायचा नव्हता. "वहिनी, आसं यादीत न्हाई," तो म्हणाला.

"मग ती जादू हाय का रेशनचं दुकान?" बायको म्हणाली. "यादीत आसंल तेवढंच भेटनार व्हय?"

आम्ही खूप हसलो. पण दुकानात परत आलो तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझा धंदा असा आहे की दिवसभर मी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू उघडतो, आतलं सैल झालेलं बसवतो आणि वस्तू होती तशी बंद करतो. काम जितकं चांगलं झालं असेल, तितकं मी तिथं हात लावला होता हे दिसत नाही. आजवर मी स्वतःचं म्हणून काही केलेलं नव्हतं. त्या रात्री जेवताना मी बायकोला सांगून टाकलं की यादीशिवायची जादू मी करणार. कुणीही काहीही मागावं आणि खेळ तरीही मोडू नये, अशी. ती माझी असेल.

बोलणं सोपं होतं. पहिल्या खेपेला मी सगळंच मोकळं सोडलं: म्हणा काय पाहिजे ते, आणि फासा टाका. मेडिकलवाल्यानं पहिल्याच डावात जाहीर केलं की गडावरचे सगळेच्या सगळे राक्षस त्यानं झोपवलेत, कायमचे. फासाही नेमका त्याच्या बाजूनं पडला. खेळ तिथंच संपला आणि आम्ही उरलेली दुपार शेंगा खात बसलो. मग मी जादूला किंमत लावली. जादू केली की अंगातली ताकद कमी. तर हा गडी प्रत्येक जादूनंतर म्हणायचा, "आता मी भाकर खाऊन झोपतो." गोष्टीत इतक्या भाकरी खाल्ल्या गेल्या की राक्षसांना आमची वाट बघून कंटाळा आला असेल. मग मी किंमत आणखी वाढवली, तर कुणी जादू करायलाच धजेना. सैल केलं की सांडतं, आवळलं की गुदमरतं, असं चाललं होतं. मित्र म्हणायचा, "सोड बे, लोकांनी उगंच यादी केलीय का?"

उत्तर मला सोयाबीनच्या खुरपणीत सापडलं. आमचं थोडं रान आहे, ते बाप आणि बायको बघतात. आमच्याकडं अजून सावड चालते. आज आजूबाजूची चार घरं आमच्या रानात येतात, उद्या आमची माणसं त्यांच्या रानात जातात. मजुरी नाही, हिशेब नाही, कागद तर नाहीच नाही. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून खुरपायला गेलतो. पाती धरून वाकलेली माणसं बघता बघता माझ्या लक्षात आलं की या रानातलं तण आमच्यानं एकट्यानं कधीच निघालं नसतं. आज ते संध्याकाळच्या आत निघणार होतं, आणि त्याची किंमत अशी की उद्या, परवा, ज्या दिवशी हाक येईल त्या दिवशी हातातलं टाकून जायचं.

तिथंच खुरपं टाकून मी बांधावर जाऊन बसलो. बाप म्हणाला, "काय झालं? ऊन लागलं का?"

नियम असा झाला. कुणालाही एकट्यानं जादू करता येत नाही. काय हवं ते मागा, अगदी काहीही. ती गोष्ट किती जड आहे हे सगळं टेबल मिळून ठरवणार आणि तितके हात मागावे लागणार. जो हात देईल त्याची स्वतःची पाळी गेली, त्याचं काम तिथं थांबलं. आणि ज्यानं हात घेतला त्याच्यावर सावड चढली. पुढं तो हात देणारा हाक मारील तेव्हा, तुम्ही खजिन्यात हात घातलेला असो नाहीतर राक्षसाच्या जबड्यात, उठून जायचं. म्हणजे जादूला हद्द कसलीच नाही. हद्द एवढीच की तुमच्यासाठी किती माणसं थांबतील.

पहिल्या डावालाच कळलं की हे जमलं. मेडिकलवाल्याला गडाचा दरवाजा हवेत उचलायचा होता. बायकोची गोष्टीतली बाई जखमी पडलेली, रक्त वाहतंय, तिनं स्वतःची मलमपट्टी सोडून त्याला हात दिला. दरवाजा उचलला गेला. पुढं गोष्टीतल्या कितीतरी दिवसांनी, तो सोन्याच्या सिंहासनाला हात लावणार एवढ्यात, बायको शांतपणे म्हणाली, "या." त्या माणसाचं तोंड असं झालं की काय सांगू. सिंहासन सोडून तो उठला. रागानं नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खेळात! सलाइनच्या खोक्यांवर! आणि त्या दिवशी आडही बोलला. तिघांचे हात लागले त्याला.

एकच भांडण राहिलं होतं: कुणाची सावड कुणावर, हे लिहून ठेवायचं का? मित्र म्हणाला, ठेवू. बायकोनं उडवून लावलं. "लिवलं की ती सावड कसली? ज्याच्यावर चढलीय त्यानंच ध्यानात ठिवायचं. देनाऱ्यानं तोंडातून काढायचं न्हाई." आमच्याकडं हीच रीत आहे. मी तुमच्या रानात आलतो, आता तुम्ही या, असं कुणी म्हणत नाही. म्हणावं लागलं तर त्यात ज्याला म्हटलं त्याच्यापेक्षा म्हणणाऱ्याचीच शरम जास्त. हाक मारताना फक्त काम सांगायचं, मागचं काढायचं नाही. हाही नियम आम्ही खेळात घेतला.

मित्राला एव्हाना वेड लागलं होतं. "हे छापू बे आपण," तो एकदा माझ्या दुकानात म्हणाला. मी कुणाचा तरी फोन उघडून बसलो होतो. "आसं जगात कुटं न्हाई. गोष्ट माझी, जादू तुझी. वर दोघांचं नाव." मी मान वर केली नाही. हातातला स्क्रू तेवढा खाली ठेवला. आपलं नाव एखाद्या वस्तूच्या आत दडून न जाता वरच्या बाजूला छापलेलं असेल, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती, इतकी ती गोड होती.

पुढं त्याच्या कंपनीनं त्याला परत बोलावलं आणि तो पुण्याला गेला. गोदामात गोष्ट आता मी सांगायचो. फोन चालू होते. कधी जादू किती जड धरायची याचं गणित विचारायचा, कधी एखादा नियम पुन्हा समजावून मागायचा. मी दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून बोलायचो. मधल्या काळात त्याचा बाप आजारी पडला, तर अंबाजोगाईला दवाखान्यात त्याच्या उशाशी मी बसलो, कारण पोराला सुट्टी नव्हती. हे मी एरवी सांगितलं नसतं. देणाऱ्यानं बोलायचं नसतं. पण आता बोलतो.

छपाईचं कुठवर आलं, नावाचं काय, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. का विचारीन? त्यानं शब्द दिला होता आणि त्याच्या ध्यानात असणार होतं. बायको मात्र म्हणायची, "एकदा इचारून तरी बगा." तिला मीच दटावलं.

मग एक दिवस त्याचा फोन आला की खेळ तयार झालाय, पुण्यात प्रकाशन आहे, वहिनीला घेऊन ये. मी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोनं लग्नाकार्याला नेसायची साडी काढली. एसटीत मी खिडकीशी बसून, स्टेजवर बोलावलं तर काय बोलायचं याची मनातल्या मनात तालीम करत होतो. सुरुवात आडापासून करायची असं ठरवलं होतं.

छोटंसं सभागृह होतं, शिकलीसवरलेली तरुण पोरं-पोरी दाटीनं बसलेली. टेबलावर खोक्यांची रास. मी एक खोकं हातात घेतलं. वर फेटा बांधलेला एक शेतकरी, त्याच्या हातांतून उजेड निघतोय. खाली नाव. एकच. त्याचं.

मी खोकं उलटं करून बघितलं. कडा बघितल्या. आपण मूर्खासारखं शोधतोय हे कळत असूनही शोधत राहिलो.

तो स्टेजवर गेला. माझ्याशी बोलतो ती भाषा त्यानं बाहेर ठेवली होती. "लहानपणापासून मी शेतात सावड पाहत आलो," तो म्हणाला, "आणि एके दिवशी, खुरपणी चालू असताना, मला वाटलं की जादूसुद्धा अशीच का असू नये?"

बायको माझ्या कानाशी लागली. "हे कवा गेलतं खुरपायला? मेंढरामागं तरी गेलतं का हे?"

माझी खुरपणी, माझा बांध, माझ्या डोक्याला लागलेलं ऊन तो एकेक करून अंगात घालत होता. बांधावर जाऊन बसलेलंसुद्धा त्यानं सोडलं नाही. आणि त्याला ते छान बसत होतं, हे जास्त लागलं.

मग तो म्हणाला, "आज आपल्यात एक खास पाहुणे आलेत. खरीखुरी सावड करणारा माझ्या गावाकडचा शेतकरी मित्र." सगळ्यांनी मागं वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. मी मोबाइलवाला आहे हे सांगायला हवं होतं. ही जादू माझी आहे, हे तर त्याच्याही आधी सांगायला हवं होतं. मी उठून हात जोडले. माणसाची सवय कुठं जाते?

एका पोरीनं विचारलं, "काका, सावडीला बोलावलं आणि समोरचा आलाच नाही, तर काय करतात?"

"येतात की," मी म्हणालो.

सगळे हसले. वाईट अर्थानं नव्हे, कौतुकानं हसले. लेकराच्या बोलण्याला हसतात तसे. मित्रानं माइक तोंडाशी घेतला. "खेळात त्यासाठी आपण सोय केली आहे," तो म्हणाला आणि खोक्यातून प्लॅस्टिकचे छोटे छोटे हात काढून दाखवले. हात दिला की टोकन मिळणार. टोकन साठवता येणार, एकमेकांत बदलता येणार. कुणी आलं नाही तर टोकन जप्त. कुणी काही ध्यानात ठेवायची गरज नाही. लोकांना ते फार सुटसुटीत वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या रांगेत मी त्याला गाठलं. रीत मोडायचीच तर सरळ मोडावी म्हणून विचारलं, "माझं नाव कुटंय?"

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "शेवटच्या पानावर बघ की. आभारात हाय. गावाकडच्या मित्रमंडळींचे आभार म्हनून."

"नाव म्हनलं मी."

"प्रकाशक एकच नाव ठिवा म्हनला बे. मी काय करू? आन्‌ तू तरी कवा बोललास? एवढे फोन झाले. एकदा जरी म्हनला आसतास, तर मी भांडलो नसतो का?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. हा माणूस त्या गोदामात बसला होता. देणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही हा नियम त्याच्यासमोर ठरला होता आणि त्याच्या घरात तो माझ्या घराइतकाच पाळला जात होता. मी का बोललो नाही हे पुण्यात कुणाला कळत असेल तर एकट्या त्यालाच. विसरला असता तर मी माफ केलं असतं. तो विसरला नव्हता. मी बोलणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीच्या जोरावर त्यानं खोकं छापलं होतं.

बायको त्याला म्हणाली, "भावजी, तुमच्या वडलांना आमचा नमस्कार सांगा." बस्स, एवढंच. तो पांढरा पडला. माझ्या कुठल्याच शिवीनं तो तसा पडला नसता.

परतीच्या एसटीत तिनं माझा हात धरून ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत ती असं कधी करत नाही. "बोला काहीतरी," ती म्हणाली. मला रडू येत होतं आणि पुढच्या सीटवरचा माणूस सारखा मागं वळून बघत होता.

त्यानंतर गोदामात बसणं आपोआप बंद झालं. मेडिकलवाल्यानं एकदोनदा विषय काढला, मग तिथं सलाइनची नवीन खोकी येऊन पडली.

आणि परवा मित्राचा फोन आला. दुकानात होतो. आवाज एकदम पहिल्यासारखा, गावाकडचा. "बे, खेळ आडकलाय. लोक टोकनं साठवून बसतेत. एकदा साठा झाला की कुनी कुनाला हात देत न्हाई, निसते मोजत बसतेत. दुसरी आवृत्ती काढायची हाय. तुझं डोकं लागतंय. ये ना दोन दिवस पुन्याला."

कुठं अडलंय हे तो बोलत असतानाच मला दिसलं. उपायही दिसला, अगदी स्वच्छ. इतकंच नाही, तर सकाळची गाडी कुठली, दुकानावर कुणाला बसवायचं, हे माझ्या डोक्यात सुरूही झालं होतं. हाक आली की माझ्या आत हे असं होतं, मी ते मुद्दाम करत नाही. त्याला ते माहीत होतं. माझ्या बापाला माहीत असावं तितकं त्याला ते माहीत होतं.

"न्हाई येत मी," मी म्हणालो.

मग तो म्हणाला, "कावून बे? का न्हाई येत?" आणि त्याला खरंच नवल वाटलं होतं. मी फोन ठेवला. बरं वाटेल अशी अपेक्षा होती, तर वाटलं नाही.

संध्याकाळी घरी गेलो तर शेजारचे काका ओट्यावर बसले होते. "उद्या आमच्याकडं खुरपनी हाय," ते म्हणाले. "येतूस का?" एवढंच म्हणाले, जसं म्हणायचं असतं तसं. मी बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. आणि तोंडातून हो निघायच्या आधी, जन्मात पहिल्यांदा, मी मनातल्या मनात मोजायला लागलो की हे काका आमच्या रानात किती वेळा आले होते.

त्यांच्या लक्षात आलं असावं. उगाच चपला नीट करत राहिले, आणि मी येतो म्हटल्यावरही माझ्याकडं न बघताच उठून गेले.